तक्रार तीच, जॉब कार्ड नवं

वाचकांचे प्रश्न : वाहन विभाग

मराठवाड्यातून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे. गाडी शोरूमच्या वर्कशॉपला जाते, "काम झालं" म्हणून परत येते आणि काही आठवड्यांत तोच बिघाड पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून सगळी जागा याच विषयाला दिली आहे. प्रत्येक उत्तरात एक आग्रह सापडेल : वर्कशॉपनं कोणता पार्ट बदलला हे तर बिलावर येतंच, पण बदलण्याआधी काय मोजलं आणि किती भरलं, तो आकडा जॉब कार्डावर (तुमची तक्रार आणि केलेलं काम नोंदवायच्या वर्कशॉपच्या कागदावर) लिहून घ्या. गाडी त्या आकड्यानंच दुरुस्त होते, आणि प्रकरण पुढं गेलं तर तुमच्या बाजूनं उभा राहतो तोही तोच.

प्रश्न : गाडी तीन वर्षांची आहे. दीड वर्षात एसीचा गॅस तीन वेळा भरला. दर वेळी "लीकेज नाही, चेक केलंय" असं सांगतात. उन्हाळा लागला की पुन्हा गरम हवा. कॉम्प्रेसर बदलावा लागेल असं आता म्हणतायत. बदलावा का? (वाचक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : एवढ्यात बदलू नका. एसीचा गॅस बंद नळ्यांत फिरत राहतो, तो जळत नाही. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, पण तेवढ्यानं सहा महिन्यांत गार हवा बंद होत नाही. म्हणजे गळती आहेच. "चेक केलंय" म्हणजे बहुधा व्हॅक्यूम लावून काटा हलतो का एवढंच पाहिलेलं असतं, आणि ते पुरेसं नाही. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा ओ-रिंगला आत दाबून बसवते. एसी चालू असताना उलटं होतं. दाब आतून बाहेर असतो आणि भर उन्हात तो १५ बारच्याही वर जातो. व्हॅक्यूमला मिटलेली बारीक भेग या दाबाला उघडते.

पुढच्या वेळी "गॅस भरून द्या" म्हणू नका. जॉब कार्डावर लिहायला लावा : "गॅस वारंवार कमी होतो, गळतीची जागा शोधून द्यावी." मग काम या क्रमानं व्हायला हवं. आत थोडा गॅस शिल्लक असतानाच इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर फिरवायचा. इव्हॅपरेटर, म्हणजे हवा गार करणारा भाग, डॅशबोर्डच्या आत असतो, तिथं हात पोचत नाही. म्हणून ब्लोअर बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि गाडीखाली एसीचं पाणी टपकतं त्या ड्रेन पाइपच्या तोंडाशी डिटेक्टर धरायचा. गॅस हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली उतरतो आणि तिथं सापडतो. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि दोन-तीनदा "लीकेज नाही" सांगितलेल्या गाड्यांत गळती बऱ्याचदा इव्हॅपरेटरचीच निघते.

त्यानंतर मशीननं उरलेला गॅस काढून त्याचं वजन लिहायचं. बॉनेटखाली एक स्टिकर असतं. गॅसचा प्रकार (बहुतेक गाड्यांत आर-१३४ए, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ) आणि किती ग्रॅम भरायचा ते त्यावर छापलेलं असतं. समजा स्टिकरवर ४५० ग्रॅम आहे आणि निघाला २८०, तर १७० ग्रॅम गेला. मागच्या बिलाची तारीख हाताशी असली की किती महिन्यांत गेला तेही कळतं. "लीकेज नाही" हे वाक्य या आकड्यापुढं टिकत नाही.

मग कोरडा नायट्रोजन साधारण १० बारपर्यंत भरून अर्धा तास ठेवायचा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरू देऊ नका. तिच्यातल्या ओलाव्यामुळं आत आम्ल तयार होतं आणि पार्ट आतून खातं. पाहायच्या जागा : कंडेन्सरची (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची) पुढची बाजू (महामार्गावर उडालेल्या खडीचे मार इथंच बसतात), नळ्यांच्या जोडावरच्या ओ-रिंगा, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचं सील आणि सर्व्हिस व्हॉल्व्हची आतली पिन. ही पिन अगदी स्वस्त वस्तू आहे, पण टोपी नसेल तर तिथूनच गॅस जात राहतो. कुठं धूळ तेलकट होऊन चिकटलेली दिसली तर आधी तिथं पाहा, कारण गॅससोबत तेलही बाहेर येतं.

तुमच्या कॉम्प्रेसरचं दुखणं या तेलातच असू शकतं. तीनदा गॅस भरला, पण किती तेल घातलं हे बिलावर आहे का पाहा. गळतीबरोबर तेल जातं, नुसता गॅस भरत गेलं की कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि खरंच निकामी होतो. तसं झालं असेल तर आतला धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत गेलेला असतो. नळ्या फ्लश न करता आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) न बदलता नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही फार दिवस चालणार नाही. आणि गळती न शोधता बसवला तर गॅस पुन्हा जाईलच.

शेवटी व्हॅक्यूम किमान अर्धा तास, गॅस स्टिकरप्रमाणं वजनानं, आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवून तापमान. बाहेर ४० अंश असताना रीसर्क्युलेशनवर १० ते १४ अंशांच्या आसपास मिळालं तर काम बरं झालं. गाडी महामार्गावर गार करते आणि सिग्नलला गरम, असं असेल तर मात्र बहुधा गॅसचा दोष नसून कंडेन्सरचा पंखा हळू फिरतोय किंवा जाळी धुळीनं बुजली आहे. अशा गाडीत वरून गॅस घातला तर दाब वाढून गारवा आणखी कमी होतो.

प्रश्न : बीएस-६ डिझेल गाडी. घर ते शाळा रोज आठ किलोमीटर. डीपीएफचा दिवा लागतो, वर्कशॉपवाले लॅपटॉप लावून "रीजन" करतात, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा दिवा. म्हणतात, "सर, तुमचं ड्रायव्हिंग तसं आहे." आता ऑइलची पातळीही वाढलेली दिसते. हे कसं? (वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्यांनी तपासलेलं दिसत नाही.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झालं. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी ही जाळी, म्हणजेच डीपीएफ, असते. ठरावीक काजळी साचली की इंजिन जास्तीचं डिझेल उशिरा सोडतं, धुराचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं, यालाच रीजन म्हणतात. याला सलग पंधरा-वीस मिनिटं चालती गाडी लागते. तुम्ही आठ किलोमीटरवर किल्ली फिरवता आणि जळण अर्ध्यावर थांबतं. उशिरा सोडलेलं ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणून पातळी वाढते. ऑइल कमाल खुणेच्या वर गेलं असेल तर आजच बदला. डिझेलनं पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं, आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल ओढून आवरेनासं होऊ शकतं.

आठवड्यातून एकदा लातूर रस्त्याला लागा. इंजिन तापल्यावर वीस-पंचवीस मिनिटं ६०च्या वर, एक गिअर खालचा ठेवून २,००० आरपीएमच्या पुढं. आयडलिंग नेहमीपेक्षा वाढलेलं, बंद केल्यावरही पंखा जोरात, गरम वास, ही चिन्हं दिसली तर रीजन चालू आहे. ते पूर्ण होऊ द्या. इंधनाचा दिवा लागलेला असेल तर बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत, तेव्हा टाकी रिकामी ठेवू नका.

आता वर्कशॉपचं अर्धं. रीजन करण्याआधी स्कॅनरवर पुढच्या गोष्टी दिसतात आणि त्या छापून मिळाल्या पाहिजेत : काजळी किती (ग्रॅम किंवा टक्के), राख किती, मागचं यशस्वी रीजन किती किलोमीटरपूर्वी, जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक आयडलिंगला आणि ३,००० आरपीएमला, आणि एरर कोड. पी२४६३ म्हणजे काजळी जास्त, पी२००२ म्हणजे जाळीचं काम मर्यादेखाली. रीजननंतर हेच आकडे पुन्हा घ्यायचे. दाबातला फरक उतरला नाही तर आत जळण्यासारखी काजळी नाही, राख आहे. राख कितीही तापवली तरी जात नाही. ती चुकीच्या ऑइलनं लवकर भरते. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कमी राखेचं ऑइल, साधारणपणे एसीईए सी२ किंवा सी३ प्रतीचं, तेच हवं. बिलावर ऑइलची प्रत लिहिलेली आहे का ते पाहा.

ड्रायव्हिंग सुधारल्यावरही शंभर-दीडशे किलोमीटरांत दिवा परतला तर दोष गाडीत शोधायचा : उघडी अडकलेली ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी), टपकणारा इंजेक्टर, इंटरकूलरच्या होजची चीर, दाब मोजणाऱ्या सेन्सरची तडकलेली किंवा बुजलेली रबरी नळी. उघडा राहिलेला थर्मोस्टॅटही कारण असतो. इंजिन पुरेसं तापत नाही, म्हणून संगणक रीजनला परवानगीच देत नाही. तापमानाचा काटा हिवाळ्यात मध्यावर येत नसेल तर हे आधी तपासा.

"जाळी काढून प्रोग्रॅम करून देतो" म्हणणारे सगळीकडं आहेत. तसं करू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि काजळी तुमच्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाते.

प्रश्न : पुढून खडखड आवाज. लोअर आर्मचे बुश दोनदा बदलले, पुन्हा आवाज. (वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : बुश (चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मच्या सांध्यातले रबर) दोनदा गेले असतील तर बोल्ट कसे आवळले ते विचारा. गाडी लिफ्टवर आणि चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग टॉर्क रेंचनं शेवटचं आवळायचं. यात दहा मिनिटं जास्त जातात, आणि घाईच्या दिवशी नेमकी तीच वाचवली जातात. आर्म खोलला की व्हील अलाइनमेंट आलंच. त्याचा आधीचा-नंतरचा कागद मागा.

आवाज बुशचाच आहे का, हेही पक्कं करून घ्या. स्टॅबिलायझर लिंक दोन्ही बाजूंनी सोडवून खराब रस्त्यावर २० च्या वेगानं एक चक्कर मारली की कळतं : आवाज गेला तर लिंक. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवून धक्का जाणवला तर स्ट्रट माउंट. ब्रेक हलका दाबल्यावर खडखड थांबली तर कॅलिपरच्या पिना. वर्क्स मॅनेजरला शेजारी बसवून तुमच्याच रस्त्यावर, त्याच वेगानं आवाज ऐकवा आणि "आवाज ऐकला" असं जॉब कार्डावर लिहून घ्या. वर्कशॉपपुढच्या गुळगुळीत सिमेंट रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह या तक्रारीला कामाची नाही.

प्रश्न : कूलंट कमी होतं, दर महिन्याला टाकून देतात. गाडी लई तापत नाही, पण भीती वाटते. (वाचक, परभणी)

उत्तर : भीती रास्त आहे. गार इंजिनवर हातपंपानं टाकीला टोपीवर लिहिलेल्या दाबाइतका, म्हणजे बहुतेक गाड्यांत १.१ ते १.४ बार, दाब देऊन अर्धा तास ठेवायला सांगा. टोपीही वेगळी तपासावी. बाहेर थेंब दिसला नाही आणि दाब उतरला तर कूलंट आत जातंय. मग हेड गॅस्केटची रसायन चाचणी : टाकीतली वाफ निळ्या द्रवातून ओढतात, तो पिवळा पडला तर जळालेला वायू कूलंटमध्ये येतोय. अधेमधे बोअरचं पाणी टाकू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. तयार मिसळलेलं कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं, एवढंच. उकळत्या इंजिनची टोपी कधीही उघडू नका.

प्रश्न : गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. शोरूमनं बॅटरी बदलून दिली, तरी तेच. (वाचक, नांदेड)

उत्तर : बॅटरी बदलायच्या आधी उभ्या गाडीत किती करंट वाहतोय ते मोजायला हवं होतं. सगळं बंद, बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं मिटवलेलं (म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटतं), किल्ली गाडीपासून लांब, आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. गाडीतले संगणक झोपायला तेवढा वेळ घेतात. त्यानंतर मीटरवर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत दिसावं. ३०० दिसलं तर दिवसाला सव्वासात अँपिअर-तास जातात, म्हणजे ४५ची बॅटरी तीन दिवसांत जवळजवळ निम्मी. पाचच मिनिटांत मोजून "करंट लीक आहे" किंवा "नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजत जायचं. फ्यूज उपसत बसलं तर संगणक पुन्हा जागे होतात आणि माप चुकतं. पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर : जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा. त्या खुद्द शोरूमनं विकताना बसवल्या असतील तर ते बिल काढून ठेवा, दुरुस्ती त्यांच्याकडंच जाते. शेताकडच्या घरी गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा. नुसती टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्यात पुन्हा त्रास देतो. तिथं सोल्डर किंवा क्रिंप आणि वर हीट-श्रिंक नळी लागते.

प्रश्न : गाडी घेऊन चौदा महिने झाले. संथ ट्रॅफिकमध्ये हिसके मारते. चार वेळा दाखवली. एकदा सॉफ्टवेअर अपडेट, एकदा क्लच, दोनदा "दोष आढळला नाही". आता म्हणतात, "या मॉडेलचं असंच असतं." गाडी छत्रपती संभाजीनगरच्या शोरूमची, मी जालन्यात. बदलून मिळेल का? (वाचक, जालना)

उत्तर : "असंच असतं" याची परीक्षा सोपी आहे. शोरूमकडं त्याच मॉडेलची डेमो गाडी असते. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, एसी चालू ठेवून दोन्ही गाड्या पाठोपाठ चालवायची लेखी मागणी करा. निकाल काय आला तो जॉब कार्डावर घ्या. नकार दिला तर ई-मेलवर तसं नोंदवा : "अमुक तारखेला तुलना मागितली, दिली नाही." हिसका बसताना शेजारच्या माणसाकडून आरपीएमचा काटा दिसेल असा व्हिडिओ काढून घ्या. स्कॅनर लावून चालवलेल्या गाडीची नोंद मिळाली तर उत्तमच.

चारही जॉब कार्डांवर तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली आहे ते आधी पाहा. अ‍ॅडव्हायझर एकदा "पिकअप कमी", एकदा "जनरल चेकअप" लिहितो, आणि कागदावर एकच दोष चार वेगळ्या तक्रारी होऊन बसतो. इथून पुढं प्रत्येक वेळी तेच वाक्य, आणि त्यात "पूर्वी अमुक तारखांना दाखवली, दोष कायम" असं जोडायचं. समाधान झालं नसेल तर गाडी नेताना "तक्रार कायम" लिहूनच सही करा. नंतर कंपनीकडून येणाऱ्या फोनवर "दहापैकी दहा द्या" अशी विनवणी शोरूम करतं. जे खरं आहे तेच सांगा, कारण तो आकडा पुढं तुमच्याविरुद्धही दाखवला जातो.

मग ई-मेल शोरूमच्या मालकाला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकत्रच. चासी नंबर, तारखा, किलोमीटर, जॉब कार्डांच्या प्रती, आणि एक नेमकी मागणी : कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरनं तारीख देऊन तपासणी करावी व अहवाल लेखी द्यावा. याला पंधरा दिवसांची मुदत द्या. त्याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, क्रमांक १९१५, तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं इथंच हलतात. दरम्यान गिअरबॉक्स बाहेरच्या मिस्त्रीकडून खोलू नका. खोललेल्या गाडीवर तज्ज्ञही ठाम मत देऊ शकत नाही आणि वॉरंटीचा वाद वेगळाच उभा राहतो.

तरी हललं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९. पूर्वी जिथं शोरूम तिथं धाव घ्यावी लागे. आता कलम ३४ प्रमाणं तुम्ही जिथं राहता तिथं दावा चालतो, म्हणजे जालन्याच्या जिल्हा आयोगात. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. दावा ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तेव्हा "पुढच्या सर्व्हिसला बघू" म्हणत दिवस घालवू नका. शोरूम आणि कंपनी दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

मागणी लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चार वेळा दाखवूनही दुरुस्त न होणं ही सेवेतली त्रुटी आहे, ती जॉब कार्डांवरूनच सिद्ध होते. उत्पादनातला दोष सिद्ध करायला मात्र तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तुमच्या अर्जावर आयोग तो मागवू शकतो, उदाहरणार्थ शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या तज्ज्ञाकडून, आणि त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. गाडी बदलून मिळणं अवघड आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सांगितलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची जबाबदारी असताना अख्खी गाडी बदलायला सांगता येत नाही. म्हणून मागण्या उतरत्या क्रमानं लिहा : गाडी बदलावी किंवा पैसे परत द्यावेत, ते नाही तर गिअरबॉक्स आणि क्लच नवा, त्यावर वाढीव लेखी वॉरंटी, आणि दोन्ही स्थितींत गाडी वर्कशॉपला पडून होती त्या दिवसांचं भाडं, मनस्ताप आणि दाव्याचा खर्च. भाड्याच्या पावत्या आतापासून जपा.

गाडी टॅक्सी म्हणून चालवत असाल तरी स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी असेल तर तुम्ही ग्राहकच. "व्यावसायिक वापर" म्हणून दावा उडवायचा प्रयत्न झाला तर कलम २(७) चं स्पष्टीकरण दाखवा. आणि रागाच्या भरात कर्जाचे हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे. हप्ते थकले तर गाडी बँकेकडं जाते, आणि तपासायला गाडीच समोर नसेल तर तज्ज्ञाचा अहवाल मिळणं अवघड होऊन बसतं.